शेपटीचा नऊ

बायको गेल्यापासून दवाखान्यात मी एकटाच येतो, पण शेजारची खुर्ची मोकळी ठेवायची सवय गेलेली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्या खुर्चीवर एक आजी येऊन बसल्या, पलीकडे त्यांचे आजोबा. आजींनी पिशवीतून कपडे मापायची टेप काढली.

"अहो, हा आकडा कितीचा?"

"एक."

"हा इंग्रजी 9 आहे. मागच्या वेळी तक्त्यासमोर असंच म्हणालात, म्हणून तर डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं."

"मला तो स्वच्छ दिसतो. एकच आहे."

"दिसतो हो, ओळखू येत नाही. आणि हा 8?"

"चार."

"चाळीस वर्षं याच टेपेनं तुमचे सदरे शिवले, तरी तुम्हाला आठ कळेना. शेपटी दिसली की नऊ, बटणासारखी भोकं दिसली की आठ. म्हणा."

"शेपटी नऊ, भोकं आठ. ऑपरेशन तेवढं नको गं बाई."

आजोबांचा नंबर लागला. दहा मिनिटांनी ते बाहेर आले.

"काय हो, आले का सगळे?"

"धडाधड म्हटले. शेपटीला नऊ, भोकाला आठ."

"मग तोंड का पाडलंत?"

"डॉक्टरांनी आज माझ्यासाठी मुद्दाम मराठी आकड्यांचा तक्ता लावला होता."

आजी टेप गुंडाळायच्या थांबल्या.

"म्हणजे १ ला नऊ म्हणालात?"

"आणि ४ ला आठ. ऑपरेशन सोमवारी."

"चला आत. मी सांगते त्यांना, डोळे चांगले आहेत, मास्तरीण बिघडलीय."