पाहुणीच्या हातात टॉवेल

नाही, पण मी म्हणते, रबराच्या माणसाची परवानगी कशाला घ्यायची हो? तुम्हीच सांगा! पलंगावर सरावाचा रबरी म्हातारा पडलाय, डोळे सताड उघडे, पाठीला चेन... आणि मी, ओनोरीन वाम्बा, बाफुसामच्या सरकारी इस्पितळातल्या सर्जरी वॉर्डाची मेजर, सगळ्या नर्सांची मुख्य, त्याच्यापुढे उभी राहून म्हणतेय, "नमस्कार साहेब, माझं नाव ओनोरीन, मी आता तुमचा डावा हात पुसणार आहे, चालेल ना तुम्हाला?" आणि मग थांबायचं! उत्तरासाठी थांबायचं! मी नाही थांबले, लागले पुसायला, तर मागून शिक्षिकेचा गोड आवाज, "ओनोरीन, तू त्यांना बोलायला वेळच दिला नाहीस." कापले मार्क! रबराला बोलायचं होतं म्हणून माझे मार्क कापले!

आता मेजर म्हणजे काय ते तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही आपलीच माणसं, कॅमेरूनची. डॉक्टर काय, सकाळी तोंड दाखवतात आणि दुपारी आपापल्या खासगी दवाखान्यात पळतात, वॉर्ड असतो मेजरचा. मी व्हरांड्यात चप्पल वाजवली ना, की कण्हणारे कण्हायचे थांबायचे! वीज गेली तर टॉर्च दातात धरून टाके घातलेत मी. आणि इथे, या क्वेबेकच्या पार वरच्या टोकाला, अबितिबीत आल्यावर मला काय सांगितलं? "मादाम, तुमचा अनुभव फार मौल्यवान आहे. तेव्हा आता शाळेत जा." गेले! पाठीला दप्तर लावून, नाकातलं पाणी नाकातच गोठतंय अशा थंडीत, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर बाकावर बसले. आणि शिकेपर्यंत खायचं काय? तर त्याच गावच्या इस्पितळात मदतनीस म्हणून बेडपॅन उचलायचे. उचलले! एक शब्द बोलले नाही. का? तर मला नर्स व्हायचंय. जी मी आहेच!

आणि शिकवायला कोण? मारी-पियेर. वय असेल सव्वीस, नाकात चमकी, केसांना गुलाबी रंग. पहिल्या दिवशी ती आत आली, मी उभी राहिले, आपल्याकडची रीतच ती, म्हटलं, "नमस्कार, मादाम." ती बाई दचकून मागे बघायला लागली, कोण मादाम आली म्हणून! "अगं, मादाम काय! मी नुसती मारी-पियेर. मला अगं-तुगं कर." शिक्षिकेला अगं-तुगं? माझी आई ऐकती तर बाफुसामहून चपला घालून चालत आली असती मला मारायला. मी आपली म्हणत राहिले मादाम मारी-पियेर, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा असा व्हायचा जणू मी तिला चिमटा काढला. आणि तास संपला की गोलात बसवून विचारणार, "ओनोरीन, आज त्या पेशंटला पुसताना तुला आतून काय वाटलं?" आतून? आतून पाय दुखत होते, बाई! पण मी म्हणायची, "फार समृद्ध वाटलं." का? तर मला नर्स व्हायचंय. जी मी आहेच!

तर शेवटची परीक्षा म्हणजे खऱ्या वॉर्डात, खऱ्या माणसांवर. पास झालात तर परवाना. नापास झालात तर जन्मभर बेडपॅन, दुसरी संधी नाही. हे मारी-पियेरने मला हसत हसत सांगितलं. इथे वाईट बातमी हसतच सांगतात, कुणी हसत आलं की मला धडकीच भरते.

माझ्या वाट्याला आले मस्यू थिव्हिएर्ज. ऐंशीच्या पुढचे, जन्म खाणीत गेला, खुब्याचं हाड मोडलेलं, चेहरा असा की डॉक्टरसुद्धा दारातूनच विचारपूस करून जायचे. मी आत गेले आणि पहिला प्रश्न काय विचारला? जो तुम्हीही विचारला असता. म्हटलं, "मस्यू, तुमच्या सोबतीला कोण आहे?"

"कसली सोबत?"

"अहो, सोबतीचं माणूस! पलंगाखाली चटई टाकून कोण झोपतं?"

तुम्हाला सांगते, त्या माणसाने मोडलेल्या खुब्यानिशी वाकून पलंगाखाली बघितलं! "कोण झोपलंय तिथे?"

हसू नका! आपल्याकडे सोबतीचं माणूस नसेल तर पेशंटला पलंग तरी मिळतो का? बहीण रांधते, मेहुणा औषधाच्या दुकानात पळतो, सून अंग पुसते, सासू सगळ्यांना शिव्या घालते, आणि मेजर काय करते? मेजर हे सगळे आपापली कामं नीट करताहेत ना ते बघते! एवढी नोकरी केली, मी एकाही पेशंटची काख पुसली नाही. मी का पुसू? घरची माणसं काय चंद्रावर गेली? आणि इथे? इथे नातेवाईक येतात, अंगात कोट तसाच, हातात कागदी पेल्यात कॉफी, खुर्चीच्या कडेला टेकतात. "काय बाबा, कसं काय?" "बरंय." "थंडी वाढली." "वाढली." "बर्फ पडणार म्हणतात." "पडेल." झालं! चालले! हे इस्पितळ आहे की बसचा थांबा?

आता ऐका. त्या दिवशी मस्यू थिव्हिएर्जचं अंग पुसायचं होतं, पाण्याचं घमेलं आणलेलं, तेवढ्यात पलीकडच्या दोन खोल्यांतल्या घंट्या एकदम वाजायला लागल्या, एकाची सलाईन संपली, दुसरीला ओकारी. आणि त्याच वेळी आली त्यांची लेक, गिलेन. पन्नाशीची, कोट, कॉफी, सगळं जिथल्या तिथे. टेकली खुर्चीच्या कडेला. "थंडी वाढली, बाबा."

मी काही ठरवलं नव्हतं हो. देवाशप्पथ. तोंड आपोआप बोललं. "पोरी, कोट काढ."

काढला!

"बाह्या वर कर. हा घे टॉवेल. आधी पाठ, मग काखा, कानामागे विसरू नकोस, आणि घासू नकोस, तो तुझा बाप आहे, पातेलं नाही."

लागली कामाला! निमूट! शेजारच्या पलंगाकडे एक मिशाळ गडी उभा होता, कुणाचा तरी पुतण्या, तोंड वासून बघत. म्हटलं, "तू काय पाहतोस? खाली जा, म्हाताऱ्यांसाठी गरम सूप आण." गेला! मी सलाईन बदलली, ओकारी आवरली, परत येऊन दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिले. लेक पुसतेय, पुतण्या सूप भरवतोय... आणि तुम्हाला खरं सांगते, या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं. रडूच यायला लागलं. वॉर्ड पुन्हा माझा झाला होता!

मागे वळते तर मारी-पियेर. गुलाबी केसांखालचा चेहरा पांढराफटक.

ओरडली का? छे! ओरडली असती तर बरं झालं असतं. आपल्याकडे साहेब ओरडतात, आपण ओरडतो, मग एकाच ताटात केळी खातो, विषय संपला. इथे ओरडत नाहीत. इथे म्हणतात, "ओनोरीन, आपण जरा बोलूया का?" आणि तुमची नोकरी जाते.

तिसऱ्या दिवशी बोलायला बसलो. मी, मारी-पियेर आणि वॉर्डाच्या प्रमुख मादाम बोल्दुक. टेबलाच्या मधोमध काय, तर कागदी रुमालांचा डबा. फाशी देणाऱ्याने आधीच दोर दाखवावा तसा! मादाम बोल्दुक म्हणाल्या, "प्रशिक्षण नसलेल्या पाहुणीच्या हातात तू पेशंट दिलास. जंतुसंसर्गाचं काय? पेशंटच्या सन्मानाचं काय?" माझ्या डोळ्यांपुढे दिसत होते बेडपॅन, एकावर एक, पार पेन्शनीपर्यंत. शेवटी राहवेना. म्हटलं, "मादाम, त्या माणसाला लेक आहे. लेकीला दोन हात आहेत. परक्या बाईने बापाला पुसायचं आणि लेकीने कॉफी पीत बघायचं, यात कुणाचा सन्मान झाला?"

मारी-पियेर हळूच म्हणाली, "बरोबर आहे. पण ओनोरीन, तू मस्यू थिव्हिएर्जना विचारलंस का?"

मी कपाळावर हात मारला! रबराला वर्षभर विचारत होते, जिवंत माणसाला विचारायचं राहिलं! आणि त्या चिमुरडीचं म्हणणं खरं होतं, याचाच मला जास्त राग आला.

मग गिलेनला बोलावलं. आता ही बाई माझ्या डोक्यात धोंडा घालणार म्हणून मी डोळेच मिटले. तर ती म्हणते, "तक्रार? मी कुठे तक्रार केली? अहो, माझ्या लग्नापासून बाबा माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलतात. परवा म्हणाले, 'हळू.' मग म्हणाले, 'जरा डावीकडे.' मग म्हणाले, 'तुझी आईपण अशीच पुसायची.' एवढं ते एका दमात..." रुमालांचा डबा तिने आपल्याकडे ओढला. मादाम बोल्दुकनी त्यातला एक घेतला. मारी-पियेरने दोन! ज्या डब्यासमोर मी रडायचं, तो तिघींनी संपवला.

मग निघाली वरात म्हाताऱ्याकडे. मारी-पियेर वाकून विचारते, "मस्यू थिव्हिएर्ज, परवा तुमची संमती न घेता तुमच्या मुलीने तुम्हाला पुसलं. तुमची काही हरकत?"

"आहे! हरकत आहे!"

झालं, म्हटलं, आता जन्मभर बेडपॅन!

"पाणी गारढोण होतं! उद्या कढत आणा म्हणावं."

"उद्या? म्हणजे... तुमची संमती आहे असं समजू?"

"काय समजायचं ते समज, पोरी, पण बाजूला हो, टीव्हीवर हॉकी दिसत नाहीये!"

पास! शेरा काय, 'विचारायला शिकावे.' शिकू की! परवाना आला तेव्हा आपल्या मंडळात बोकड कापला, तुम्हीच खाल्लात, एन्दोलेची भाजी संपली म्हणून भांडलातसुद्धा. मी रडले, नवरा रडला, मुलं फोटो काढत होती. झाले एकदाची नर्स! जी मी होतेच!

पण गोष्ट इथे संपती तर मी तुमच्यापुढे एवढी कशाला बोंबलत बसले असते? गिलेनने आपल्या बहिणीला सांगितलं. बहिणीने जावांना. त्या मिशाळ पुतण्याने अख्ख्या गावाला. आता मस्यू थिव्हिएर्जच्या खोलीत बघा, दोन लेकी, जावई, नातवंडं, खिडकीत वाटाण्याच्या सूपचं पातेलं, एक नात चक्क खाली अंथरूण टाकून झोपते, आणि म्हातारा मधोमध बसून सगळ्यांना शिव्या घालतोय. शेजारच्या खोल्यांतही तेच! काय सांगू, डोळे मिटले तर बाफुसाम!

मादाम बोल्दुकनी मला बाजूला घेतलं. हसत होत्या. तिथेच मी ओळखलं. "ओनोरीन, फार सुंदर आहे हे. पण नियम म्हणजे एका पेशंटला दोन पाहुणे. बाकीच्यांना तू बाहेर काढायचंस, रोज."

म्हटलं, "मी? मदतनीस आहे ना, तिला सांगा."

"छे छे, मदतनीसाला पाहुणे बाहेर काढायचा अधिकार नाही. त्याला नर्सचा परवाना लागतो."

तर आता रोज छातीवर बिल्ला लावून दारात उभी राहते आणि लेकींना बापाजवळून उठवते... बेडपॅन उचलत होते ना, तेव्हा निदान हा अधिकार तरी नव्हता हो मला!