घरी कोनी टोचायचं नाई

मंग मानसानं काय तोंडाले टाके घालून घ्यावे काय जी? नाई, तुमीच सांगा! काल स्टँडवरून घरी गेलो, जेवाले बसलो, तं भाजी अशी खारट, अशी खारट... पहिलेचा मी असतो तं म्हनलं असतं, "भागिरथे, भाजीत मीठ टाकलं का मिठात भाजी?" असं झकास वाक्य जिभेच्या टोकावर आलं, अन् गिळलं! भाजीसंग गिळलं! आपन काई बोलत नाई.

तुमाले सांगतो, मी मानिकराव, अकोल्याकडच्या मालेगावच्या स्टँडवर भोंग्यावरून गाड्या पुकारतो. "अकोला गाडी लागली होऽ... ओ पागोटेवाले, गाडी इकडे लागली, तुमी कुटी चालले, सासुरवाडीले?" म्हंजे तोंडावरच पोट आपलं! अन् तेच तोंड घरी न्या लागते, दुसरं कुठून आनू? अन् भागिरथा, माही बायको, पहिले लय गाये हो! भाकरी थापता थापता भीमाचे गाने म्हने, तं रस्त्यावरचा मानूस थांबे. मंग काय झालं मालूम नाई, गानं बंद, बोलनं बंद. चुलीपुढे बसली तं बसली, भाकर जळे तरी नजर भिंतीवर. मी मनातून भेलो, खोटं कायले सांगू? ही अशीच विझून गेली तं मी कोनाशी बोलू?

इतक्यात नागपूरचा डॉक्टर आला! जीप घेऊन, सुया घेऊन! आनीबानीतल्या नसबंदीपासून जीप अन् सुई एका जागी दिसली का आमचे गडी वावरात पळतेत, तसे पळाले! डॉक्टर बिचारा मांगून वरडून राह्यला, "अहो थांबा, ही चिनी सुई आहे! उदास मनासाठी आहे! संशोधन आहे!" मी सुई पाह्यली तं तिले भोकच नाई! मंग औषध जाते कुठून? तं म्हने औषध नाईच, नुसती टोचायची. मोठ्या शहरात म्हने ज्यायची किडनी बसली, त्यायच्या पोटात नळीनं पानी भरून रगत साफ करतेत, ते लोकं बी मनानं खचतेत, पुढे त्यायले बी टोचून पाहायची हाय. पन पहिले आमी! अर्ध्यायले खऱ्या जागी टोचीन, अर्ध्यायले खोट्या, अन् कोनाले कोनती ते आखरीले सांगीन!

मी हातच जोडले, "सायेब, आमच्या बाईले खरी टोचा जी! खोटी उरली तं मले टोचा!"

डॉक्टरनं भागिरथेचं नाव कागदावर लिहलं अन् चष्म्यातून पाहून म्हने, "माणिकराव, एक अट आहे. हिवाळा लागेपर्यंत घरी यांना कुणीही, काहीही टोचायचं नाही. अजिबात!"

घ्या! मी घरी टोचून बोलतो हे नागपूरच्या मानसाले कसं मालूम? मी भागिरथेकडे पाह्यलं, तं ती जमिनीकडे पाहून राह्यली. मंग काय, एवढं नागपूरचं संशोधन, आपल्या तोंडानं बुडालं तं? भाकर जळाली... "कोळसा कोन्या खदानीतला व?" गिळलं! चहात साखर नाई... गिळलं! घरचं सारं साचलेलं भोंग्यावर काढो, प्रवासी तरास पावले, पन घरी? आपन काई बोलत नाई!

काई दिवसानं भागिरथा माह्याकडे पाहून राह्यली, पाहून राह्यली... अन् म्हने, "काहो, तब्येत बरी हाय ना तुमची?" बोलली! तुमाले सांगतो, बोलली! अन् मंग हिवाळा लागता लागता एक दिवस घरी गेलो तं आंगनातच पाय थांबले. आतून गानं! मी चपला हातात घेऊन तसाच उभा, डोळ्यातून पानी, अन् तसाच डॉक्टरकडे दवाखान्यात पळालो.

"सायेब, लागली! खरी सुई लागली!"

डॉक्टरनं कागद पाह्यला अन् तोंड एवढंसं झालं. "माणिकराव... यांना खोटी होती हो. घरी काही वेगळं केलंत का?"

"नाई जी! तुमी म्हनलं टोचू नका, तं एक शब्द टोचला नाई!"

"शब्द? अहो, मी इंजेक्शनचं म्हटलं होतं! तुमच्या इथला कंपाउंडर घरोघरी ताकदीची सुई टोचत फिरतो ना, त्याचं!"

आता बोला! इतके दिवस जिभेले उपास, अन् हा मानूस इंजेक्शनचं बोलून राह्यला होता! डॉक्टर डोक्याले हात लावून असा उदास बसला, का मीच म्हनलं, "सायेब, एक सुई तुमी घेता का?" मंग हळूच इचारलं, "तं आता बोलू ना जी मी घरी?"

"खबरदार! हाच उपचार चालू ठेवा!"

"कवालोग?"

"जन्मभर!"

अन् माह्या मांगं पळत आलेली भागिरथा दवाखान्याच्या दारात उभी, सारं आयकलं तिनं! तवापासून काय सांगू... काल ती खारट भाजी मी मुकाट्यानं खाऊन राह्यलो, तं ही समोर बसून पदरात हासते अन् म्हनते, "मीठ मीनंच जास्त टाकलं. पाहू म्हनलं, औषध चालू हाय का बंद केलं!"

पाहा! खोट्या सुया तिले टोचल्या, अन् खऱ्या मले टोचून राह्यल्या! चांगलं उत्तर बी सुचलं होतं, असं फक्कड का... पन तेवढ्यात ती भांडे घेऊन उठली, अन् घासता घासता गाऊ लागली.

गाऊ द्या. आपन काई बोलत नाई.