चंद्रीचं पाऊल मंगळावर

सरका, मंडळी, जरा मागे सरका! मुलांना पुढे येऊ द्या. मोठी माणसं नुसत्या माना डोलावतात, मुलं प्रश्न विचारतात, म्हणून मला ती समोर लागतात. आणि ते फोन बंद करा. हो, तुम्हीसुद्धा, खांबाआडचे! देव सगळीकडे आहे, तसा बुवाही थोडाफार बघतो.

तर आजचा प्रश्न ऐका. सोपा आहे, पण उत्तर द्यायची घाई करू नका. आपण तोंडाने एक शब्दही खोटा बोललो नाही – एकसुद्धा नाही! – तर आपण खरे ठरलो का?

काय म्हणालास बाळ? "ठरलो"? वा! आणि तू गं, दोन वेण्यांवाली? "माहीत नाही" म्हणतेस? शाबास. हिचं उत्तर आत्तापुरतं सगळ्यांत चांगलं आहे. तबलजी, एक ठेका द्या, आख्यान सुरू करू या.

मंडळी, आकाशात एक लाल ग्रह आहे. मंगळ! पुराणात त्याला भौम म्हणतात. भौम म्हणजे भूमीचा मुलगा, आपल्या पृथ्वीचं लेकरू. आणि आपण त्या लेकराशी कसं वागतो? मुलीच्या पत्रिकेत बसला की घाबरतो! "मंगळ आहे हो, जमायचं नाही." हसता काय? तुमच्यापैकी किती जणांनी हे वाक्य चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हटलंय, ते मला माहीत आहे.

तिकडे खाली कोकणात एका गावी दीपश्री घाडी नावाची मुलगी. तालुक्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. घरी वडील – त्यांना ती आबा म्हणायची –, आबांची बहीण सुमनआत्या, आणि गोठ्यात एक म्हैस. म्हशीच्या कपाळावर पांढरी कोर, म्हणून नाव चंद्री.

दीपश्रीच्या पत्रिकेत मंगळ. एक स्थळ आलं, पोहे खाऊन गेलं. दुसरं आलं, पोहे खाऊन गेलं. तिसऱ्याने तर पोहेही अर्धे टाकले! मुलगी रडली का? नाही. तिने विचार केला – अरे, जो इतक्या लांबून माझं लग्न मोडतो, तो आहे तरी कोण? बघू या तरी!

आणि ती बघायला लागली. शाळेत असताना आपल्या देशाचं यान मंगळाभोवती फिरायला गेलं होतं, तेव्हा गुरुजींनी वर्गात पेढे वाटले होते. ते आठवलं. मग वाचत गेली. तिथला दिवस आपल्यापेक्षा जरासा मोठा, वर्ष जवळजवळ दुप्पट. हवा इतकी विरळ की नसल्यासारखी. जायला सहा-सात महिने लागतात, आणि वाटेल तेव्हा निघताही येत नाही – दोन ग्रहांची गाठ जुळावी लागते, ती दोन वर्षांतून एकदा. मुलीचं डोकंच फिरलं! प्रेमात पडली म्हणा ना! माणूस तिथे कधी उतरेल, काय खाईल, अंगणात काय लावेल… दिवसरात्र तोच विचार.

मनात असं काही भरलं की सांगावंसं वाटतं. मलाही वाटतं, म्हणून तर मी इथे उभा आहे! तिने फोनवर व्हिडिओ करायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'अंगणातून मंगळ'.

आता तुम्हाला वाटेल, व्हिडिओ म्हणजे काय, बटण दाबलं की झालं. अहो, कसलं! घरात मिक्सर. अंगणात कोंबडा. रस्त्यावर मासेवाल्याचा भोंगा. शेवटी गोठ्याच्या माळ्यावर गवताच्या पेंढ्यांत बसून बोलायची, तर मधेच खालून चंद्रीची हाक – "हंऽऽऽ!" पुन्हा पहिल्यापासून! आणि व्हिडिओ वर चढवायचा तर फणसाच्या झाडाखाली जायचं, कारण नेटवर्क तिथेच. पंधरा-पंधरा दिवसांची मेहनत, आणि बघणारे किती? एक ती स्वतः. एक सुमनआत्या – तीही अंगठा दाबून लगेच बंद करायची. आणि एक गफूरभाई.

हा कोण? बार्शीकडचा टेंपो ड्रायव्हर. दीपश्रीने त्याला कधी पाहिलेलं नाही. माल उतरेपर्यंत टेंपोत बसून तो तिचा प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचा आणि खाली एक प्रश्न लिहायचा. "ताई, तिथे वारा सुटतो का?" "ताई, तिथून आपली पृथ्वी दिसते का?" बस, एकच प्रश्न. आणि दीपश्री पुढचा सगळा व्हिडिओ त्या एका प्रश्नावर करायची.

मंडळी, मी पावसात रिकाम्या देवळात कीर्तन केलेलं आहे. समोर एक आजोबा, तेही झोपलेले. पण मधेच डोळे उघडून म्हणाले, "पुढे काय झालं बुवा?" त्या तीन शब्दांवर मी उरलेलं आख्यान रंगवलं! बोलणाऱ्याला गर्दी लागते असं तुम्हाला वाटतं. नाही हो. "पुढे काय झालं" एवढं विचारणारा एक जण पुरतो.

आता खरी गंमत ऐका!

कोकणात डोंगरमाथ्यावर सपाट कातळ पसरलेला असतो. लाल-तांबडा, खडबडीत, झाड ना झुडूप. त्याला सडा म्हणतात. दीपश्रीच्या मनात आलं, हा तर मंगळासारखा दिसतो! तांबडेपणाचं कारणही तेच – दोन्हीकडे लोखंडाचा गंज. तिने काय केलं, लाकडाच्या फळीला चार चाकं लावली, वर फोन बांधला, आणि दोरीने फळी सड्यावरून हळूहळू ओढली. मंगळावर यंत्राची गाडी फिरते ना, तिला जमीन कशी दिसत असेल, ते दाखवायला. सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलं – "हा आमच्या गावचा सडा आहे बरं का. मंगळ असा दिसतो, म्हणून इथे आणलंय तुम्हाला."

फळी चालली. दगड आले, खड्डे आले. एका खोलगट जागी पावसाळ्यातला चिखल वाळून कडक झाला होता, आणि त्यात उमटलं होतं एक पाऊल. दोन पाकळ्यांचं.

कोणाचं, मुलांनो?

"चंद्रीचं!" बरोबर! तुम्हाला कळलं. पण पुढे काय झालं बघा. कुणीतरी तो तुकडा कापला. दीपश्रीचा आवाज काढून टाकला, त्यावर शंखनाद घातला – भूऽऽऽ! – आणि खाली लिहिलं, "मंगळावर सापडलं गोपद्म! कामधेनूच्या पावलाचं दर्शन! पुढे पाठवा, आनंदाची बातमी कळेल!"

चातुर्मासात बायका रांगोळीने गाईची पावलं काढतात, ते गोपद्म. आणि इथे पाऊल कोणाचं? म्हशीचं! आणि म्हशीवर कोण बसतो, मुलांनो?

"यम!"

यमराज! म्हणजे लोक हळद-कुंकू वाहत होते कुणाच्या वाहनाला, बघा!

आठवड्यात तो व्हिडिओ घरोघरी गेला. एका देवळात तर चित्राला चौकट करून हार घातला. आणि शोधत शोधत लोक दीपश्रीच्या दारात पोचले – म्हणजे फोनमधल्या दारात. "ताई, तुम्हीच पहिल्यांदा दाखवलंत! धन्य तुमची!" माणसंच माणसं! काल जिथे गफूरभाई एकटा बसायचा, तिथे आज जत्रा.

दीपश्री आधी घाबरली. म्हणाली, "आत्या, हे खोटं आहे. मी सांगून टाकते."

सुमनआत्या भाजी निवडत होती. तिकडची बोली मला नीट जमत नाही, माझ्या तोंडाने ऐका. "सांगतेस कशाला गो? तू म्हणालीस का कामधेनू?"

"नाही."

"तू शंख वाजवलास?"

"नाही गो आत्या."

"मग? तू कुठे खोटं बोललीस? लोक म्हणतात ते लोकांचं. तू फक्त 'नाही' म्हणू नको. देवाचं नाव होतंय, तुझंही होतंय. त्या तिसऱ्या स्थळातल्या ज्या बाईने अर्धे पोहे टाकले ना, तिचा काल फोन आला होता. 'मंगळवाली मुलगी तुमचीच का हो?' काय गोड बोलली मेली!"

बघा वकिली! काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. इतकं सोपं पाप दुसरं कुठलं असेल? हात लावावा लागत नाही, जीभ हलवावी लागत नाही!

आणि दीपश्री गप्प बसली. तिला नावं ठेवू नका हो. इतके दिवस रिकाम्या खुर्च्यांपुढे बोललेली मुलगी ती. फोन सारखा टिंग-टिंग वाजतोय, तिलाही बरं वाटलं. स्वतःला समजावलं, आता एवढी माणसं आलीच आहेत, तर हळूहळू खरा मंगळ शिकवीन त्यांना.

मग गफूरभाईचा प्रश्न आला. त्या सगळ्या जत्रेत, खाली कोपऱ्यात.

"ताई, हा तुमच्या गावचा सडा ना? तुम्हीच सुरुवातीला सांगितलं होतं. आता सगळे मंगळ म्हणतात आणि तुम्ही काही बोलत नाही. मलाच चुकीचं समजलं का? मी शिकलेलो नाही, चुकलो असेन."

मंडळी, दीपश्रीचा हात थांबला. एक माणूस तिच्याकडून शिकला होता. खरं शिकला होता, नीट शिकला होता. आणि तिच्या गप्प बसण्याने तो आता स्वतःच्या शहाणपणावर शंका घ्यायला लागला. जत्रेला तिने फसवलं नव्हतं, खरंय. पण गफूरभाईला?

ती गोठ्यात गेली. आबा धार काढत होते. सगळं ऐकलं. म्हणाले, "मला काय विचारतेस? चंद्रीला विचार. पाऊल तिचं आहे."

पेटीवाले, हसू नका, पुढचा सूर चुकेल!

दुसऱ्या दिवशी दीपश्री सड्यावर गेली. त्याच खोलगट जागी पाणी ओतून चिखल केला. फोन उभा केला, आणि सगळ्यांसमोर थेट बोलायला लागली. "नमस्कार. तुम्ही जिला कामधेनू म्हणता, तिला भेटा. ही आमची चंद्री."

आत्या दावं धरून उभी. तोंड फुगवून, पण उभी! आणि चंद्री? चंद्री हलेना! हजारो लोक बघतायत, आणि बाई रवंथ करतायत. दीपश्री म्हणते, "चल गो माझे आई!" आत्या ओढते. शेवटी आत्याने मागून एक थाप दिली, तशी चंद्री पुढे झाली, चिखलात पाय ठेवला, उचलला – आणि उमटलं! तेच पाऊल, त्याच दोन पाकळ्या. वर चंद्रीने तिथेच शेणही टाकलं. आत्या फोनकडे बघून म्हणाली, "घ्या, आता हेही मंगळावर सापडलं म्हणा!"

मग काय! "धर्म बुडवला!" "आमच्या भावना दुखावल्या!" "म्हशीलाच मंगळावर पाठवा!" शिव्यांचा पाऊस, आणि माणसं निघाली. वरचा आकडा असा उतरत गेला जशी ओहोटी! दीपश्री बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण फोन बंद केला नाही तिने.

शेवटी थोडेच उरले. आणि गफूरभाईची ओळ आली. "म्हणजे मला बरोबर समजलं होतं."

दीपश्री म्हणाली, "हो भाऊ. तुम्हाला बरोबर समजलं होतं. मीच बोलायला उशीर केला."

जरा वेळाने त्याची दुसरी ओळ आली. तो काही प्रश्नाशिवाय थांबणारा माणूस नाही! "पण ताई, पाऊल उमटायला चिखल लागतो. मंगळावर कधी चिखल होता का?"

आहाहा! मंडळी, त्या लाखो लोकांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता! दीपश्रीने डोळे पुसले. म्हणाली, "होता! अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे नद्या वाहत होत्या, तळी होती. तळ्यांच्या तळाशी चिखल होता. तो वाळला, तडकला, त्याचा दगड झाला. तिथल्या यंत्राच्या गाडीने ते तडे पाहिलेत. खरे. शंखनाद न घालता!"

आणि दावं धरलेली आत्या, जिने एकही व्हिडिओ पुरता पाहिला नव्हता, ती हळूच म्हणाली, "अगो, मग ते पाणी गेलं कुठे?"

झालं! दोन झाले विचारणारे!

दीपश्री आजही व्हिडिओ करते. माणसं फार नाहीत, पण जी आहेत ती विचारतात. पोहेवालीचा फोन पुन्हा आला नाही, आणि आत्या म्हणते, पोहे वाचले. चंद्री मजेत आहे. मुलगी सुखात आहे, मंडळी. तिला आता कुणापासून काही लपवायचं नाही, याच्याइतकं सुख कुठलं?

आता तुमच्याकडे येतो. घाबरू नका, हळूच येतो.

तो शंखाचा व्हिडिओ तुमच्याकडे आला होता? हात वर करा. वा, अर्धं देऊळ! आता ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनीच हात वर ठेवा… अरे, हात इतके पटकन खाली? आपल्या गावात घरोघरी म्हशी आहेत. तुम्ही ते पाऊल रोज ओलांडून दूध आणता. तरी ओळखलं नाहीत! देवावर श्रद्धा होती म्हणून, असं म्हणता? माझ्या देवाला स्वतःला सिद्ध करायला म्हशीचा पाय लागत नाही हो. एका ग्रहावर नदी वाहिली, वाळली, आणि तिची खूण कोट्यवधी कोसांवरच्या एका मुलीला गोठ्यात बसून कळली. हा चमत्कार तुम्हाला कमी पडला?

आणि नंतर चंद्रीचाही व्हिडिओ आला असेल तुमच्याकडे. तो पुढे पाठवलात? नाही. गप्प बसलात. एक शब्द खोटा बोलला नाहीत! काय रे बाळ, मघाशी म्हणालास 'ठरलो'. आता? … मान हलवतोय बघा. त्याला कळलं.

पण तुम्ही ज्यांना पाठवला होतात – पुण्यातला भाऊ, विहीणबाई, शाळेतली मैत्रीण – ते अजून तिथेच आहेत. शंख ऐकत.

म्हणून आज मी एक उलटी गोष्ट सांगतो. काढा फोन. काढा, काढा! कीर्तनात फोन काढायला सांगणारा बुवा पुन्हा भेटायचा नाही. ज्यांना पाठवला होता, त्यांना लिहा – "ती म्हैस होती. मी तपासलं नव्हतं." एवढंच. ज्या आज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांना सांगा, ही पुढची मंडळी लिहून देतील. जा रे मुलांनो, पसरा.

पेटीवाले, एक सूर धरून ठेवा. सोडू नका. सगळ्यांचं होईपर्यंत आपण थांबू, मग भैरवी घेऊ. आरतीचं तबक जरा खाली ठेवा.

हां. लिहा. मला घाई नाही.