कोरियन भाषेचा तास

अबुधाबीच्या त्या कॉन्फरन्सचं मी सहसा कुणाला सांगत नाही, पण विषय निघालाच आहे तर ऐका. वीकेंडला इंग्रजीच्या शिक्षकांची कॉन्फरन्स होती. दुबईतल्या ऊद मेथाच्या आमच्या शाळेतून मी आणि रुबीना, दोघीच गेलो होतो.

पहिल्याच सेशनला कोरियात दहा वर्षं इंग्रजी शिकवून आलेले एक सर उभे राहिले. म्हणाले, "न येणाऱ्या भाषेत शिकताना मुलांना काय वाटतं, ते आज तुम्हाला कळेल." आणि त्यांनी इंग्रजी बोलणं बंदच केलं. एक चित्र दाखवायचे, कोरियनमध्ये काहीतरी विचारायचे आणि ओळीने एकेकाला उभं करायचे.

मला एकही शब्द कळेना. माझ्या आधी किती खुर्च्या आहेत ते मोजलं. पाच. पाळी शेजारी बसलेल्या रुबीनापर्यंत आली तेव्हा तिला हळूच विचारलं, "अगं, काय म्हणायचं?"

"घाबरू नका मॅडम, सोपं आहे," असं म्हणून ती उठली आणि तिने घडाघडा उत्तर दिलं. ही रत्नागिरीची मुलगी रोज कोरियन सिरियल बघते, हे मला काय ठाऊक?

आता सर माझ्याकडे वळले. सगळा हॉल बघत होता. बावीस वर्षं शिकवतेय मी, आणि तोंडातून निघालं काय, तर "सर, मे आय गो टू द वॉशरूम?"

आत गेले तर आमच्याच सेशनमधल्या चार जणी आरशासमोर उभ्या होत्या. त्यांतल्या शारजाच्या एक वयस्कर मॅडम मला दबक्या आवाजात म्हणाल्या, "खतम हुआ, या अभी बाकी है?"