शेवटचं जहाज

चहा निवांत घ्या, पण माझ्या मेहुण्याचं, त्या संतोषचं, नाव या घरात काढू नका. डोकं फिरतं माझं.

तो टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर आठवतो ना, कॅसेटवरून गेम चढवायचा? अंतराळ वरून खाली सरकत राहतं आणि आपलं विमान समोरची जहाजं पाडत जातं. कॉलेजात असल्यापासून खेळतोय, पण शेवट कधी दिसला नाही. रविवारी शेवटच्या जहाजापाशी पोचलो. त्याला आणखी एक गोळी लागली की ते खलास, आणि नेमका खाली गॅसवाला ओरडला. गेम थांबवून गेलो. परत येतो तर टीव्ही काळाठिक्कर, आणि समोर हा संतोष!

"दाजी, चित्र अडकलं होतं. बंद करून टाकलं."

"अरे नालायका, मीच थांबवलं होतं! उभा जन्म गेला माझा त्या शेवटापायी!"

"लई ओरडू नका. आधी मी बटणं दाबून बघितली की. मोठं जहाज फुटलं, पडदाभर काहीतरी लिहून आलं आणि परत अडकलं. मग बंद केलं."

मी त्याचा दंडच धरला. "काय लिहून आलं?"

"मला काय माहीत? चष्मा गाडीत राहिला होता."