आमेन म्हणणारी

मेम्फिसच्या दवाखान्यात दोन बहिणी माझ्या शेजारी बसल्या होत्या. आत त्यांच्या आईचं ऑपरेशन चाललं होतं. मी पुस्तकात डोकं घातलं, तरी ऐकू येतच होतं.

"दर बुधवारी चर्चमध्ये आई प्रार्थनेला उभी राहून तुझंच नाव घ्यायची, व्हर्नेटा. माझं एकदाही नाही."

"मी नशेपायी मरत होते, ताई."

"आणि मी? तिला गाडीतून न्यायचे, शेजारी बसून तुझ्यासाठी आमेन म्हणायचे."

"म्हणून तर वाचले."

"हो, मिरव अजून!"

"बरं, आता आईसाठी तू प्रार्थना कर."

"तूच कर. वर तुझीच ओळख आहे."

"ताई, हात दे."

"देवा, मी आर्लीन. माझं नाव तुझ्या कानावर कधी आलं नसेल. आमच्या आईला वाचव."

"आमेन, ताई."