पडदा ऱ्हाऊ द्या, सायेब

—न्हाई न्हाई, सायेब, पडदा नगं. ती टूंटूं तेवढी ठेवा, ती लई भारी हाय! बकेटच्या म्होरं कायबी आलं का वरडती—दगड असू दे न्हाईतर झाड असू दे. पुण्यावरनं एवढं चांगलं यंत्र आणलंत, मग हे म्होरचं दावणारं टीव्हीवाणी काय बसवलंय त्याच्यासंगं? मी काय सिरियल बघत दरड उचलू? बसा, बसा, नीट टेका. दोघं मावतो केबिनीत, माझं पोट तेवढं आत घेतो.

आता बघा, पावसाळ्यात हा माळशेज घाट म्हंजी दुधात बुडवल्यागत. दरड आली का फोन येतो—गेणभाऊ, काढा जेसीबी! रस्ता मोकळा करायचा, अन् दिसतं तर हातभर न्हाई. मग आमी काय करतो? आमचा हेल्पर बहिरू दरीच्या कडंनं म्होरं चालतो, हातात लोखंडी घमेलं, त्याच्यावर दगड हाणत. ठण ठण वाजलं का समजायचं, तिकडं दरी. नऊ पावसाळे असेच काढले—डोळं लागत्यात कुणाला?

काय म्हणता, अपघात? छ्या! एकदा निस्ती छत्री गेली. बहिरूची. परवाच, श्रावण लागला तवा. बहिरूनं मारली बाजूला उडी, अन् काखेतली छत्री बकेटखाली चपाती! लई हसलो आमी. म्हंजी मी हसलो, तो जरा कमी हसला. उलट मलाच म्हणतो, गेणभाऊ, आज तर ऊन पडलंय. आता बहिरूला काय कळतंय? खाली ऊन असंल, माझ्या काचेवर व्हतं की धुकं!

घरीबी तेच. आमची मंडळी म्हणती, ताटातली चटणी कुठल्या बाजूला हाय ते कळंना तुमाला, नारायणगावात डोळ्याचं फुकट शिबिर हाय, जावा. गेलो की! रांगेत उभा ऱ्हायलो. आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता, म्होरचा म्हातारा अडखळत अडखळत वाचत व्हता. मला तर तक्ता कंच्या भिंतीला हाय तेच—तसं न्हाई, गर्दी लई व्हती. मिसळ खाल्ली अन् एष्टीनं घरी. त्यांनी लिहून दिलं असतं कायबाय, अन् हापिसात कळलं का, गेणभाऊ, उतरा खाली! एकदा उतरल्यावर कोण म्हणणार, काढा जेसीबी? तुमीच सांगा. वाईट वाटतं राव नुस्तं मनात आणलं तरी. हे लिहू नका हां वहीत.

ऐका, ऐका, वाजाया लागली! बघा, म्होरं दरडीचा ढीग हाय. दावतो तुमाला कसा उचलायचा, एका दमात—हात का धरला? सोडा की. धुक्याला भ्यालात व्हय?

कवा?

मघाशीच गेलं धुकं? सगळं? पार समोरचा डोंगर दिसतोय?

मग ही वाजती कशाला?

…बहिरू? बकेटच्या म्होरं? चहा घेऊन उभा हाय?

थांबा. बंद करतो. झालं बंद. ही धरा किल्ली. घ्या म्हणतो ना! अन् वहीत लिहा, टूंटूं एक लंबर हाय. पडद्याचंबी लिहा, खरं काय ते. बहिरू, ये रं इकडं, चहा हातात दे माझ्या. अन् बाबा, छत्री नवी घेऊ तुला, चांगली लाकडी मुठीची.

सायेब, त्या तक्त्यावरचं पयलं अक्षर कंचं असतंय?

…नगं. नका सांगू. उतरा आता, चहा गार व्हतोय.